न विचारता जुळलेली सोयरीक

लीलाधर महाजन ज्या घरी मुलगी किंवा मुलगा पाहायला जात, तिथं चहा यायच्या आधी एकच प्रश्न विचारत.

"बाथरूम कुठं आहे हो?"

पाहुण्यानं असं विचारल्यावर नाही म्हणता येत नाही, आणि नुसतं बोट दाखवूनही भागत नाही. घरातलं कोणीतरी उठून त्यांना आत नेई. बैठकीतून मधल्या खोलीत, तिथून स्वयंपाकघर ओलांडून मागच्या अंगणात. लीलाधरभाऊ सावकाश चालत. कपाटावरच्या औषधाच्या बाटल्या, ऐन दुपारी लावून घेतलेलं दार, दाराबाहेरच्या चपला, सगळं जाताना एकदा आणि येताना एकदा बघून घेत. परत येऊन बसेपर्यंत त्यांचं मत झालेलं असे. मग पोहे चवीनं खात.

अशा वाटेवर त्यांना काय काय सापडलं होतं! एका घरी मागच्या खोलीत बसवून ठेवलेला, अंगभर पांढरे डाग असलेला काका. एका घरी फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खणात ठेवलेलं इन्सुलिन. एका घरी वाटीत भिजत घातलेली कवळी, आणि घरात म्हातारं तर कोणीच नाही. ती नवरदेवाचीच निघाली.

बऱ्हाणपूरच्या गांधी चौकात त्यांचं साड्यांचं दुकान. आता दुकान त्यांचा मुलगा सांभाळत होता, त्यामुळे भाऊंना वेळच वेळ. समाजात कुणाचीही सोयरीक ठरायची असली की आधी त्यांना गाडीत घालून न्यायचं, हा रिवाजच पडला होता. खाकनार म्हणू नका, नेपानगर म्हणू नका, सगळीकडे त्यांचं बोलावणं. याचे ते पैसे घेत नसत. "सुतातच खोट असली तर वरून कितीही प्रेस मारा," ते म्हणत. "माणसाचंही तेच. पोरगा काय करतो ते मागून विचारा. आधी खानदान पाहा."

"ह्यांना देवानं नाक दिलं ते दुसऱ्याच्या संडासात घालायला," असं त्यांच्या बायकोचं, कोकिळाबाईंचं मत होतं. हे मत त्या भाऊंच्या तोंडावर, पाहुण्यांसमोर आणि भाजीवालीसमोरही सांगत.

या शास्त्राचा पहिला बळी घरातच होता. मुलगा निरंजन चौतीस वर्षांचा झाला तरी बिनलग्नाचा. समाजात मुली आधीच कमी, त्यात बापाची चाळणी इतकी बारीक की तिच्यातून काही खाली पडेना. नेपानगरची दीपाली निरंजनला फार आवडली होती. भाऊंनी नकार दिला, कारण तिचे आजोबा चाळिशीत वारले होते.

"अहो, ते ट्रकखाली गेले," कोकिळाबाई म्हणाल्या.

"एवढा मोठा ट्रक दिसला नाही म्हणजे डोळ्यांत काहीतरी असणार."

मग गायत्री. शाळेत शिकवायची, सगळं छान होतं, पण तिचे वडील विनाकारण हसत. डोक्याचं काही निघालं तर? ती सोयरीकही गेली. पुढे गायत्री कडेवर मूल घेऊन दुकानात साडी घ्यायला आली. निरंजननं तिला साड्या उलगडून दाखवल्या, मुलाच्या हातात फुगा दिला आणि घरी येऊन न जेवता झोपला.

शेवटी तुकईथडची रंजिता सापडली. वडील रमेश चौधरी केळीवाले, आई निर्मला. पोरगी एम.एस्सी. झालेली आणि रावेरकडच्या एका लॅबमध्ये कामाला. तिथं काचेच्या बरणीत केळीची रोपं वाढवतात. भाऊंना त्या घरी आवळ्याच्या सरबतापलीकडे काही सापडलं नाही. इतकं स्वच्छ खानदान बघून त्यांची जराशी निराशाच झाली. निरंजन आणि रंजिता गच्चीवर बोलायला गेले ते पोहे थंड झाले तरी खाली येईनात. तुळशीच्या लग्नानंतर बार उडवायचा, असं ठरलं. निरंजन दुकानात शिट्ट्या वाजवायला लागला. हे लग्न मोडलं तर मी पुन्हा कुठल्याही पोरीला भेटणार नाही, असं त्यानं आईला सांगून ठेवलं. तो आईवर गेला होता, बोलला ते करणारा.

तुकईथडच्या त्या भेटीत भाऊ दोनदा आत जाऊन आले होते. परत येताना गाडीत कोकिळाबाई म्हणाल्या, "एकदा पाहून समाधान नाही का होत? लोक काय म्हणतील!"

दुसऱ्या वेळी भाऊंनी काहीच पाहिलं नव्हतं. त्यांना खरोखर जायचं होतं.

गेलं वर्षभर हे असंच चाललं होतं. एका बैठकीत दोनदा, मग तीनदा. आत गेलं की वेळ लागे. उभं राहायचं, वाट पाहायची, थोडंसं व्हायचं, पुन्हा वाट पाहायची. दुसरा कुणी असता तर घरच्यांनी केव्हाच डॉक्टरकडे नेला असता. पण लीलाधर महाजन वारंवार बाथरूमला जातात यात कुणाला काय वाटणार? समाजातल्या लोकांना वाटलं, भाऊंची चौकशी अलीकडे जास्त कसून चालते. त्यांचा मान वाढला. कोकिळाबाईंना वाटलं, म्हातारपणी खोड बळावते. खुद्द भाऊंनीही कुणाला काही सांगितलं नाही. लोक कौतुकानं बघत होते ते त्यांना बरं वाटत होतं.

हे सगळं डोईफोडिया या गावी बाहेर आलं. दुसऱ्याच कुणासाठी ते तिथं मुलगा पाहायला गेले होते, गाडी चालवायला निरंजन होता. नेहमीप्रमाणे विचारलं, नेहमीप्रमाणे आत गेले, आणि बाहेरच येईनात. चहा आला, गार झाला, पुन्हा गरम करून आणला. घरमालकाचा धीर सुटला. तो दारापाशी जाऊन विनवायला लागला.

"भाऊ, तिथं खरंच काही नाही हो! एक बादली अन् एक मग्गा आहे!"

"येऊन राहिलो," आतून बारीक आवाज आला.

"बादलीला चीर आहे, ती खानदानी नाही हो भाऊ! मागच्या महिन्यात बैलानं पाय दिला!"

लीलाधरभाऊ बाहेर आले ते घामानं निथळत, पोट धरून. लघवी पार अडली होती. निरंजननं गाडी कशी चालवली ते त्याचं त्यालाच माहीत. बऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी नळी घातली तेव्हा भाऊंच्या तोंडून जो सुस्कारा निघाला, तसा त्यांनी आयुष्यात एकाही सोयरिकीवर टाकला नव्हता. नळीच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी होती. मग रक्ताची तपासणी झाली. तिच्यातला फार वाढलेला आकडा पाहून डॉक्टरांनी इंदूरला जायला सांगितलं.

इंदूरला सुयांनी गाठीचे तुकडे काढले, फोटो काढले. प्रोस्टेटचा कॅन्सर होता, आणि तो कमरेच्या हाडात दोन जागी पोचलाही होता. त्या हॉस्पिटलात कसला तरी अभ्यास चालू होता, म्हणून त्यांनी विचारून त्या तुकड्याची आणखी एक तपासणी केली. डॉक्टर अमरावतीकडचे, तरुण, मराठी बोलणारे. समोर भाऊ, कोकिळाबाई आणि निरंजन बसले होते.

"काका, आपल्या पेशींमध्ये जीन असतात," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या गाठीत असे दोन जीन तुटून एकमेकांना जोडले गेलेत. त्याला जीन फ्यूजन म्हणतात. या आजारात पुष्कळांना सापडतं. पहिल्या जीनचं बटण पुरुषी हार्मोननं दाबलं जातं. दुसऱ्याचं काम, पेशींना वाढा म्हणून सांगणं. एरवी दोघांचा संबंध नाही. आता मधला तुकडा गळाला आणि पहिल्याचं बटण दुसऱ्याला लागलं. त्यामुळे हार्मोन येत राहील तोवर गाठीला वाढ, वाढ, असा हुकूम जात राहील."

"म्हणजे मधली भिंत पडली," कोकिळाबाई म्हणाल्या. "बटण आपल्या घरात अन् पंखा शेजाऱ्याकडे फिरतोय."

"अगदी तसंच, काकू."

"मग बटणाची वीजच तोडायची."

"तोच इलाज आहे. हार्मोन बंद करायचा. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, सोबत गोळ्या. किंवा मग एकदाच छोटं ऑपरेशन, त्यात दोन्ही अंडकोष काढतात. हे फ्यूजन नसतं तरी मी इलाज हाच सांगितला असता. आजार मुळातून जाईल असं सांगत नाही, पण बरीच वर्षं दाबून ठेवता येतो. गाठ आकसली की नळीही बहुतेक निघेल. फक्त आता उशीर करायचा नाही."

डॉक्टर पुढेही बरंच बोलले. पण लीलाधर महाजनांच्या कानात 'जीन' हा शब्द शिरला आणि त्यानं आतून कडी लावून घेतली. तीस वर्षं ते लोकांच्या खानदानात जे शोधत फिरत होते ते त्यांच्याच घरात निघालं होतं, तेही इंदूरच्या डॉक्टरच्या सहीनं. आणि निघावं तरी कसं? ज्या माणसानं चौकशीशिवाय एकही सोयरीक होऊ दिली नाही, त्याच्याच ओटीपोटात दोन जीननी परस्पर जमवून टाकलं होतं. ना पत्रिका, ना बैठक, ना कुणाला विचारणं. पळून जाऊन लग्न करावं तसं.

गाडी असीरगढच्या पायथ्याशी चहाला थांबली तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. लग्न होईपर्यंत इलाजही नाही."

"पप्पा, डॉक्टर काय बोलले ते ऐकलं ना?" निरंजन म्हणाला. "लेट नाही करायचं."

"चौधरीला कळलं की बापाच्या जीनमध्ये खोट आहे, तर तो पोरगी देईल? मी त्याच्या जागी असतो तर दिली नसती. इंजेक्शन घेतलं की अंगावर दिसतं, इंदूरच्या चकरा लोकांना दिसतात. दोन महिने काढायचेत. माझं काय व्हायचं ते होईल, तुझं लग्न झालं पाहिजे."

"अहो, ते खानदानी नाही असं डॉक्टर म्हणाले," कोकिळाबाईंनी सांगून पाहिलं.

"तुला काय कळतं त्यातलं?"

कोकिळाबाईंनी कप खाली ठेवला. पिशवी भरत आली होती. ती मोकळी कुठं करायची याचा विचार पुन्हा त्यांनाच करायचा होता.

पुढच्या आठवड्यात तुकईथडला लग्नाची तारीख पक्की करायला जायचं होतं. भाऊंनी सैल पायजमा घातला, आत पोटरीला पिशवी बांधली आणि बैठकीत लाकडी तख्तपोसावर ताठ बसले. रमेश चौधरी या भेटीची जय्यत तयारी करून बसले होते. मागच्या वेळी भाऊ दोनदा आत गेले होते, म्हणजे काहीतरी खटकलं असणार, असा त्यांचा हिशेब. म्हणून त्यांनी बाथरूमला नवी फरशी घातली होती. निर्मलाबाईंनी नवा साबण ठेवला होता, वाटेवरची लोणच्याची बरणीसुद्धा पुसून घेतली होती.

चहा झाला. पोहे झाले. केळीचे वेफर्स झाले. भाऊ जागचे हलेनात.

"भाऊ, हातपाय धुता का?" रमेशनी विचारलं.

"नको."

"मागं नवीन बाथरूम केलंय."

"वा, छान."

"पाणी चोवीस तास असतं."

"चांगलं आहे," भाऊ म्हणाले आणि आणखी एक वेफर उचलला.

मंडळी गेल्यावर रमेश ओट्यावर सुन्न होऊन बसले. "निर्मला, लीलाधर महाजन आपल्या घरी आला अन् आत न जाता गेला. अख्ख्या जिल्ह्यात असं कुणासोबत झालं नसेल."

"मग बरं झालं ना. पसंत पडलो आपण."

"पसंत पडलं तर माणूस पुन्हा पाहतो. ज्यानं पाहणंच सोडलं, त्याला एकतर हे लग्न करायचं नाही, नाहीतर त्याच्याच घरात काहीतरी आहे अन् आता कुणी कुणाचं पाहू नये असं त्याला वाटून राहिलं."

त्यांनी एक घड केळी घेतली आणि सकाळच्या बसनं बऱ्हाणपूर गाठलं. घड दारात ठेवला, बैठकीत बसले, कोकिळाबाई पाणी आणायला वळल्या तोच म्हणाले, "वहिनी, बाथरूम कुठं आहे हो?"

भाऊंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "मी येतो सोबत," म्हणून ते उठू लागले, पण पिशवी सांभाळून उठायला वेळ लागतो. तोवर रमेश मागच्या अंगणात पोचलेही होते. तिथं दोरीवर, कोकिळाबाईंच्या परकराशेजारी, धुऊन चिमटे लावलेल्या लघवीच्या दोन पिशव्या उन्हात वाळत होत्या.

रमेश परत येऊन बसले. "कोणाच्या आहेत?"

"शेजाऱ्यांच्या," भाऊ म्हणाले. "त्यांच्याकडे ऊन येत नाही."

"ह्यांच्याच आहेत," कोकिळाबाई म्हणाल्या. "दोन आहेत. एक लावतात तेव्हा एक धुते. आज दोन्ही धुतल्या, तिसरी नवी काढली. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे."

दुकानातून नाश्त्याला आलेला निरंजन दारातच थांबला होता. रमेशनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग अगदी भाऊंच्याच चालीत, हळू आवाजात विचारलं, "खानदानी आहे का?"

आता भाऊंनी नाही म्हणायला हवं होतं. निरंजन त्यांच्याकडे बघत होता. पण असा प्रश्न ज्यांना विचारला त्यांनी खोटं सांगितलं, म्हणून लीलाधर महाजनांनी कितीतरी घरांशी बोलणं टाकलं होतं.

"जीनमध्ये आहे," ते म्हणाले. "रिपोर्ट आहे. रमेशभाऊ, मला विचाराल तर ही सोयरीक करू नका."

"पप्पा!" निरंजन ओरडला.

"तू मध्ये बोलू नको. यांनी मला विचारलंय. दुसऱ्याला जो सल्ला दिला असता तोच देतोय. तुझ्यात पण असेल, पुढे पोरांत येईल. माझ्याच घरासाठी मी वेगळा काटा लावू का?"

"वेगळा काटा!" निरंजनचा आवाज फाटला. "दीपालीच्या वेळी ट्रक, गायत्रीच्या वेळी हसणं, अन् आता पोरगी भेटली तर तुम्ही स्वतः! पप्पा, आप रहने दो. मी रंजिताला विचारतो. लग्न तिला करायचंय."

त्यानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रंजिता लॅबमध्ये होती, मागं कसल्या तरी यंत्राची घरघर चालली होती. निरंजननं एका दमात सगळं सांगितलं आणि रिपोर्टचा फोटो पाठवला. ती थोडा वेळ वाचत राहिली. भाऊ डोळे मिटून बसले होते.

"काका आहेत का तिथं?"

"हो. अन् तुझे पप्पापण आहेत."

"पप्पा तिथं काय करताहेत?"

"बाथरूमला आलो होतो," रमेश म्हणाले.

"तुकईथडहून?" ती हसली, मग सावरली. "काका, ऐका. हे फ्यूजन तुमच्या गाठीत झालंय. फक्त तिथंच. तुम्ही जन्मला तेव्हा नव्हतं. तुमच्या वडिलांकडून आलं नाही अन् निरंजनला गेलंही नाही. इतक्या वर्षांत पेशी लाखो वेळा नव्या होतात, त्यात कुठंतरी चूक होते. ती झाली."

"पण जीन म्हणाले ना डॉक्टर."

"प्रत्येक पेशीत जीन असतात, काका. ते बिघडले की प्रत्येक वेळी खानदानच बिघडतं असं नसतं. काही घरांत हा आजार पिढ्यांमधून येतो, खोटं कशाला सांगू. त्याची तपासणी वेगळी असते, डॉक्टरांना विचारून घ्या. पण हे जे कागदावर लिहिलंय, ते ते नाही."

"हेच सांगत होते डॉक्टर," कोकिळाबाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर म्हणे तुला काय कळतं."

रमेशचा चेहरा अजून उतरलेलाच होता. "बेटा, पण एकदा खोट निघाली की..."

"पप्पा, आपण लॅबची रोपं लावतो ना? सगळी एका आईची, हुबेहूब सारखी. तरी बागेत एखादं झाड खुजं निघतं, पानं जाडीभरडी, घड वाकडा. तुम्ही काय करता?"

"ते एक उपटतो."

"अन् बाकीची बाग?"

रमेशनी टोपी डोक्यावर ठेवली, कोकिळाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, चहा टाका. साखर जरा जास्त."

"एक मिनिट," फोनमधून रंजिता म्हणाली. "माझी एक शर्त आहे. काकांनी आधी इलाज सुरू करायचा, मग लग्न. त्याशिवाय मी उभी राहणार नाही. लग्न पुढे गेलं तरी चालेल."

"पुढे नाही जाणार," निरंजन घाईनं म्हणाला.

म्हणजे आता आड काहीच उरलं नव्हतं. सोयरीक टिकली होती, चौधरींना सगळं माहीत झालं होतं, इंदूरच्या डॉक्टरांनी लवकर बोलावलं होतं. तरी भाऊ जायला तयार होईनात. एकदा म्हणाले गाडीचं टायर गुळगुळीत झालंय. एकदा म्हणाले पत्रिका वाटायच्यात. मग म्हणाले कमरेत आता दुखत नाही. निरंजन चिडला, रंजिताचे फोन आले. कोकिळाबाईंनी दोन दिवस हे ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या धुतलेले कपडे घेऊन त्यांच्यासमोर बसल्या आणि घड्या घालायला लागल्या.

"खानदानाचं मिटलं. आता कशाला भिता?"

"भितो कुठं?"

"मग चला उद्या."

भाऊ बराच वेळ पायजम्याच्या नाडीशी खेळत राहिले. "ते कापायचं म्हणतात."

"कापायला कोण सांगतंय? इंजेक्शन घ्या."

"एकच आहे ते. हार्मोन बंद म्हणजे बंद. मग मी काय राहीन?"

"आत्ता आहात तेच. भाजीत मीठ कमी म्हणणारे, पंखा एकवर ठेवा म्हणून भांडणारे. यातलं काही त्या इंजेक्शननं जात असेल तर सांगा, डॉक्टरांना दोन द्यायला लावते."

"थट्टा सुचते तुला."

"मग काय करू? शेवटचं कधी झालं होतं, आठवतं तरी का तुम्हाला?"

"काय?"

"तेच. ज्याच्यासाठी जीव द्यायला निघालात ते."

भाऊंनी छताकडे पाहिलं. पंखा एकवर फिरत होता. मनात बहुधा बरीच वर्षं मागं गेले आणि थांबायला जागा सापडली नसावी, कारण खाली पाहिलं तेव्हा ते जरा ओशाळले होते.

"तू काही बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत. बाकी सगळ्यांच्या घरचं विचारत फिरलात." त्यांनी त्यांचा सदरा झटकून नीट घडी घातली. "मला एवढंच माहीत आहे, मला तुम्ही पाहिजेत. त्याच्यासकट, त्याच्याशिवाय, कसेही. तो सैल पायजमा काढून ठेवला आहे, उद्या सकाळी घाला."

त्या उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी टायर गुळगुळीत असतानाच गाडी इंदूरला गेली. भाऊंनी इंजेक्शन पसंत केलं. तुमच्यासमोर तरी माझी लाज राहू द्या, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, परिणाम तोच, काका. भाऊ म्हणाले, परिणाम तुम्ही पाहा, मला माझं माझ्याजवळ दिसलं पाहिजे.

औषध लागू पडलं. लग्नाच्या थोडं आधी नळी निघाली. त्या दिवशी भाऊ मागच्या अंगणातून आले ते एवढे खुशीत, की कोकिळाबाईंनी साखर वाटायची का म्हणून विचारलं.

लग्न ऐन थंडीत होतं. कार्यालयातले लोक शाली गुंडाळून बसले होते, भटजींनी उपरण्याच्या आत स्वेटर घातला होता. मंगलाष्टकं सुरू झाली आणि लीलाधर महाजन लालबुंद झाले. कपाळावरून घाम ओघळायला लागला. त्यांनी कोट काढला, गळ्याचं बटण सोडलं. मागच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, बापाचं काळीज बघा, केवढं भरून आलंय. रमेश चौधरींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ओला झाला म्हणून काढून घेतला.

"कोकिळा," भाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "आतून कुणीतरी भट्टी पेटवल्यासारखं होतंय. छातीपासून वर चढतं. मरतो की काय मी?"

"नाही मरत. इंजेक्शनचं आहे. हार्मोन गेला की असं होतं."

"तुला कसं माहीत?"

"मला झालं होतं. पाळी गेली तेव्हा."

"असं? हेच?"

"हेच. जेवायला वाढताना, पूजेला बसले असताना, भर बाजारात. दिवसातून दहादा."

भाऊ कोकिळाबाईंकडे बघत राहिले. भटजींचा आवाज चढला होता. "मला सांगितलं होतंस?"

"रोज. तुम्ही म्हणायचात, स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवत जा."

"मग?"

"उघडी ठेवली."

"फरक पडला?"

"तुम्ही उघडून बघा ना, समोरच आहे."

भाऊंनी खिडकीकडे पाहिलं, पण गेले नाहीत. "किती दिवस राहतं गं हे?"

"माझं चार वर्षं राहिलं."

"चार वर्षं!" ते एवढ्यानं म्हणाले की भटजींनी अंतरपाटावरून डोकावून पाहिलं. कोकिळाबाईंनी कनवटीची प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून सकाळीच भिजवून पिळून ठेवलेला रुमाल काढला आणि त्यांच्या हातात दिला. भाऊंनी तो मानेवर ठेवला, डोळे मिटले. "हां," म्हणाले. "हां, बरं वाटतं."

तेवढ्यात सावधान झालं. सगळ्यांनी अक्षता उधळल्या. भाऊंच्या एका मुठीत तांदूळ होते, दुसऱ्या हातात रुमाल. गडबडीत त्यांनी रुमालच भिरकावला. तो रंजिताच्या मुंडावळ्यांना चाटून भटजींच्या उघड्या मानेवर जाऊन बसला. भटजी थंडीनं असे काही किंचाळले की वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. रंजिता हसायला लागली, तिला पाहून निरंजन.

कोकिळाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून दुसरा रुमाल काढला आणि या वेळी स्वतःच नवऱ्याच्या मानेवर धरून ठेवला.